नदीकाठचे अंधत्व आणि नळाचे पाणी

प्रश्न : ‘रिव्हर ब्लाइंडनेस’ या रोगाने नदीकाठच्या लोकांची दृष्टी जाते, असे वाचनात आले. दूषित पाण्याने डोळे धुतल्यामुळे तो होतो का? मी कॉन्टॅक्ट लेन्स वापरते. मलाही परजीवींचा धोका आहे का?

उत्तर : या रोगात पाणी डोळ्यात जाण्याचा काहीही संबंध नाही. तो पसरवणारी काळी माशी खळाळत्या प्रवाहात अंडी घालते, म्हणून तिचा वावर नदीकाठी असतो, आणि तिच्या चाव्यांतून ‘ऑन्कोसर्का’ या कृमीच्या अळ्या माणसाच्या शरीरात शिरतात. कृमीची मादी त्वचेखालच्या गाठीत 10 ते 15 वर्षे जगते; तिने जन्म दिलेले असंख्य सूक्ष्मकृमी त्वचेतून डोळ्यापर्यंत पोहोचतात, आणि तेथे ते मरताना उठणाऱ्या दाहाने बुबुळ हळूहळू पांढरे पडत जाते. एकदोन चाव्यांनी असे होत नाही. वर्षानुवर्षे चावे सोसणाऱ्यांचीच दृष्टी जाते, तीही बहुधा ऐन कर्त्या वयात. पश्चिम आफ्रिकेत या भीतीपोटी लोकांनी नदीखोऱ्यांतील सुपीक जमिनी सोडल्या, ही या रोगाची मला सर्वांत क्लेशदायक वाटणारी बाजू आहे.

आजही 99 टक्क्यांहून अधिक रुग्ण आफ्रिकेत आहेत. 1987 पासून मोफत मिळणारे आयव्हरमेक्टिन सूक्ष्मकृमी मारते, पण प्रौढ कृमीला मारत नाही, त्यामुळे संपूर्ण वस्तीला ते अनेक वर्षे न चुकता द्यावे लागते. कोलंबियाने 2013 मध्ये आणि आफ्रिकेतून सर्वप्रथम नायजरने 2025 मध्ये या रोगाचे उच्चाटन केले, ते याच चिकाटीमुळे. मात्र ‘लोआ लोआ’ हा दुसरा कृमी ज्यांच्या रक्तात फार मोठ्या संख्येने असतो, त्यांच्या मेंदूवर या औषधाचा गंभीर परिणाम होऊ शकतो. तशा प्रदेशांत ते सरसकट वाटता येत नाही.

आपल्या बाबतीत मात्र पाण्यापासूनच जपायला हवे. ‘अकँथअमीबा’ हा सूक्ष्मजीव माती, तलाव आणि नळाचे पाणी या सर्वांत आढळतो, त्याला जगण्यासाठी माणसाची गरज नसते, आणि त्याची कवचबद्ध अवस्था क्लोरिनलाही दाद देत नाही. बुबुळाला मातीने किंवा काडीने इजा झाल्यास लेन्स न वापरणाऱ्यांनाही त्याचा डोळ्याला संसर्ग होतो. लेन्स किंवा तिची डबी पाण्याने धुऊ नये, आणि लेन्स घालून आंघोळ करू नये वा पोहू नये. डोळ्याची लाली बेताची पण वेदना असह्य असेल, तर लेन्स काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे आणि आपण लेन्स वापरता हे त्यांना आधी सांगावे, कारण सुरुवातीला हा संसर्ग ‘हर्पिस सिम्प्लेक्स’ या विषाणूचा समजला जाऊन उपचारांचे मोलाचे दिवस वाया जातात.