दोन .एसओ (शेअर्ड लायब्ररी) फायलींत एकाच नावाचं फंक्शन असेल तर लिंकर एरर का देत नाही?

लिंकर म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडून प्रोग्राम बनवणारं साधन. दोन .ओ फायलींत (म्हणजे अशा तुकड्यांत) तेच नाव आलं तर तो लगेच 'मल्टिपल डेफिनिशन' म्हणून ओरडतो, पण लिनक्सवर शेअर्ड लायब्ररींना, म्हणजे प्रोग्राम चालताना जोडल्या जाणाऱ्या कोडच्या फायलींना, तो नियम नाही. प्रोग्राम सुरू होताना त्या जोडून देणारा डायनॅमिक लिंकर फंक्शनचं नाव आधी मेन प्रोग्राममध्ये शोधतो, मग लायब्ररी ज्या क्रमाने लिंक केल्यात त्या क्रमाने, आणि पहिलं सापडेल ते घेतो. खरा घोळ पुढे आहे, समजा दोन्ही लायब्ररींत लॉग_इनिट नावाचं फंक्शन आहे, तर दुसरी लायब्ररी स्वतःचंच फंक्शन कॉल करते तरी बहुतेक वेळा चालतं पहिलीचंच, आणि क्रॅश भलतीकडेच दिसतो, माझे दोन दिवस यातच गेले.

एलडी_डीबग=बाइंडिंग्ज (LD_DEBUG=bindings) हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावून प्रोग्राम चालवा, कोण कुठे जोडलं गेलं ते दिसेल. लायब्ररी तुमची असेल तर -एफव्हिजिबिलिटी=हिडन (-fvisibility=hidden, आतली नावं बाहेर न दाखवणारा कंपायलरचा पर्याय) वापराच, बाहेर लागतं तेवढंच एक्स्पोर्ट करा, म्हणजे उघडं ठेवा.