रिग्रेशन टेस्टचे वेळेनुसार गट पाडावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सुमारे 1400 रिग्रेशन टेस्ट (नव्या बदलाने जुनं काही मोडलं नाही ना, हे तपासणाऱ्या) आहेत, सगळ्या चालायला पावणेतीन तास लागतात आणि टीम लीड म्हणतात की 'फास्ट', 'मीडियम', 'स्लो' असे तीन फोल्डर करून टेस्ट त्यांत वाटून टाका. माझं उत्तर: वेळेनुसार गट जरूर पाडा, पण फोल्डर करू नका.

टेस्ट काय तपासते हे वर्षानुवर्षं तेच राहतं. ती किती वेळ घेते हे मात्र सारखं बदलतं. कुणीतरी डेटाबेसला एक इंडेक्स लावतो आणि चाळीस सेकंदांची टेस्ट तीन सेकंदांत आटपते. कुणीतरी सेटअपमध्ये (टेस्टआधीच्या तयारीत) एक सर्व्हिस वाढवतो आणि उलटं होतं. दर वेळी फाइल उचलून दुसऱ्या फोल्डरमध्ये कोण ठेवणार? आम्ही एका प्रॉडक्टवर हा उद्योग केला होता. वर्षभराने पाहिलं तर 'फास्ट'मधली एक टेस्ट दीड मिनिट खात होती आणि 'स्लो'मधल्या कित्येक दोन सेकंदांत संपत होत्या. वर बिलिंगच्या टेस्ट तीन ठिकाणी विखुरल्या, त्यामुळे बिलिंगमध्ये बदल करणाऱ्याला आपल्या टेस्ट कोणत्या हेच कळेना. फोल्डर मॉड्यूलप्रमाणेच राहू द्या, वेळेसाठी टॅग, म्हणजे टेस्टला लावलेली खुणेची चिठ्ठी, वापरा. पायटेस्टमध्ये मार्कर आहेत, जेयुनिट 5 मध्ये टॅग, सीटेस्टमध्ये लेबल. बहुतेक साधनांत ही सोय असते.

टॅग लावण्याआधी मोजा, अंदाजावर जाऊ नका. जेयुनिट पद्धतीच्या एक्सएमएल रिपोर्टमध्ये प्रत्येक टेस्टपुढे सेकंद लिहिलेले असतात आणि तुमच्या सीआयकडे (बदल आला की टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेकडे) असे रिपोर्ट बहुधा पडूनच असतील. शेवटच्या वीस-पंचवीस रनमधला मध्यक घ्या. एकाच रनचा आकडा फसवतो, कारण त्या दिवशी कॅशे रिकामा असेल किंवा मशीनवर दुसरंच काही चाललेलं असेल. लॅपटॉपवरचे आकडे तर धरूच नका.

पायटेस्ट वापरत असाल तर ड्युरेशन्स हा पर्याय देऊन सर्वात हळू टेस्टची यादी मिळते. ती वाचताना एक गोम लक्षात ठेवा. तिच्यात सेटअप, प्रत्यक्ष टेस्ट आणि टिअरडाउन (नंतरची आवराआवर) यांची वेळ वेगवेगळी दाखवतात, आणि पूर्ण मॉड्यूलसाठी एकदाच उभारलेल्या फिक्स्चरचा (टेस्टना लागणाऱ्या मांडणीचा) सगळा खर्च पहिल्या टेस्टच्या नावावर पडतो. म्हणजे जी दोषी दिसते ती बिचारी फक्त रांगेत पहिली उभी होती. तिला 'स्लो' ठरवून बाजूला काढलंत तर तोच भुर्दंड दुसरीच्या माथी जातो आणि एकूण वेळ जवळपास तेवढीच राहते.

यादी हातात आली की लगेच गट पाडायला बसू नका, वरच्या पन्नास टेस्ट उघडून वाचा. माझ्या अनुभवात खरी कमाई इथे होते. कुठे पाच सेकंदांचा स्लीप (नुसतं थांबणं) असतो, तिथे 'अट पूर्ण होईपर्यंत दर 100 मिलिसेकंदांनी बघ' एवढं केलं तरी टेस्ट अर्ध्या सेकंदात निघते. कुठे चाळीस टेस्ट प्रत्येक वेळी डेटाबेस नव्याने उभा करतात. उभारणीला तीन सेकंद धरले तर दोन मिनिटं नुसती मांडामांड. कुठे साधा कर काढण्याचा हिशेब तपासायला ब्राउझर उघडलेला असतो. यातल्या बऱ्याच टेस्ट हळू नसतातच, त्या आळसाने लिहिलेल्या असतात.

आता गटांची सीमा. 'एक सेकंद', 'दहा सेकंद' असे आकडे हवेतून काढू नका, निकालाची वाट कोण बघतंय त्यावरून ठरवा. कोड लिहिणारा स्वतःच्या मशीनवर एक-दोन मिनिटं थांबतो, पुढे तो मोबाइल उघडतो. मर्जसाठी, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये मिसळण्याआधी, दहा मिनिटं ठीक. बाकीच्या टेस्ट मर्जनंतर किंवा रात्री. प्रत्येक टप्प्याला एकूण वेळेचं बजेट द्या आणि त्यात मावतील तेवढ्याच टेस्ट बसवा. इथे एक अपवाद: लॉगिन किंवा पेमेंटची टेस्ट चाळीस सेकंद घेत असली तरी ती मर्जच्या आधीच चालली पाहिजे. वेळ हा निकष आहे, पण एकमेव नाही.

टॅग हा नुसता शिक्का न राहता करार व्हावा, अशी व्यवस्था बॅझल या बिल्ड आणि टेस्टच्या साधनात छान आहे. तिथे टेस्टला स्मॉल, मीडियम, लार्ज किंवा इनॉर्मस असा आकार देतात आणि त्यावरून टाइमआउट (कमाल वेळ) ठरतो: 1, 5, 15 आणि 60 मिनिटं. मर्यादा ओलांडली की टेस्ट नापास. आकार गरजेपेक्षा मोठा दिला असेल तर बॅझल तेही सुनावतं. तुमच्या साधनात असं काही नसेल तर रिपोर्ट वाचून टॅग आणि खरी वेळ जुळते का हे बघणारी छोटी स्क्रिप्ट लिहा, पण सीमेवर थोडी सूट ठेवा. नाहीतर 9.8 आणि 10.1 सेकंदांमध्ये झुलणारी टेस्ट रोज गट बदलेल.

रात्रीच्या गटाची मला सर्वात जास्त धास्ती वाटते. आमच्याकडे तो गट म्हणजे अडगळीची खोली झाली होती. नको असलेली प्रत्येक टेस्ट 'नाइटली' म्हणून तिकडे ढकलायची. सकाळी निकाल लाल, पण काल बावीस मर्ज झालेले, मग जबाबदार कोण? आठवड्याभरात लोक मेल उघडायचेच बंद झाले. त्या लाल गर्दीत राउंडिंगची एक खरी चूक तीन आठवडे दिसत होती आणि ती शेवटी ग्राहकाने शोधली. तेव्हापासून आमचा नियम आहे की रात्रीच्या गटाला रोज एक नाव लावलेलं असतं आणि लाल टेस्ट त्या दिवशी दुरुस्त, नाहीतर तिकीट (दुरुस्तीची नोंद) काढून बंद.

शेवटी, समांतर चालवण्याबद्दल तुम्ही विचारलंय. मोजलेल्या वेळेचा इथे थेट फायदा होतो: सर्वात लांब टेस्ट सर्वात आधी सुरू करा. समजा चार रनर (टेस्ट चालवणारी मशीन) आहेत, एकूण काम 40 मिनिटांचं आणि त्यात एकटी एक टेस्ट 18 मिनिटांची. ती शेवटी लागली तर उरलेलं 22 मिनिटांचं काम चौघांत साडेपाच मिनिटांत संपतं आणि मग तिची 18 मिनिटं, एकूण साडेतेवीस. तीच आधी लावली तर सगळं 18 मिनिटांत आटपतं. ही पद्धत सर्वोत्तम वाटपापेक्षा फार तर एक तृतीयांशाने मागे पडते, हे गणितज्ञ रोनाल्ड ग्रॅहम यांनी 1969 मध्येच सिद्ध केलंय. सीटेस्ट तर मागच्या रनची वेळ लक्षात ठेवून समांतर चालवताना हा क्रम आपोआप लावतं. पण 18 च्या खाली यायचं असेल तर आणखी रनर घेऊन काही होणार नाही, ती टेस्टच फोडावी लागेल.