‘ताई, शेवटचं मागतोय’

पत्र: मावशी, मी 29 वर्षांची, पुण्यात बँकेत नोकरीला आहे. धाकटा भाऊ 23 वर्षांचा, कॉलेजसाठी माझ्याकडे राहायला आला. वर्षभरापासून तो एमडी (मेफेड्रोन) ही नशा घेतो. कॉलेज सुटलं. आई आली होती तेव्हा तिची सोन्याची चेन गेली. ‘एसटीत पडली असेल’ असं मीच तिला पटवलं. त्याच्या लोन अ‍ॅपचे हप्ते मी भरते. बाबांना बीपीचा त्रास आहे, म्हणून कराडला घरी काही सांगितलेलं नाही. फक्त मामांना माहीत आहे. ते म्हणतात, लग्न लावून द्या, नाहीतर घरातून उचलून नेणारं एक केंद्र आहे, त्यांना फोन करू. मला पोलिसांचीही भीती वाटते. परवा पैसे नाहीत म्हटलं तर तो म्हणाला, ‘मी जीव देतो.’ मी दिले. पैसे बंद केले आणि त्याचं काही बरंवाईट झालं तर आईला काय तोंड दाखवू?
– एक ताई

प्रिय ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते. तुझं सगळं घोडं तिथेच अडलंय.

जीव देईन म्हणाला, ते नाटक समजू नकोस. एमडीचा अंमल उतरला की माणूस पार ढासळतो. आधी नुसती झोप, मग टोकाची उदासी, चिडचिड, कोणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय असा संशय. त्या दिवसांत मरणाचे विचार खरोखर येतात. तो पुन्हा असं बोलला तर त्याला एकटं ठेवू नकोस, घरातल्या गोळ्या-औषधं उचलून ठेव आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे ने. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर रात्रीसुद्धा कोणीतरी असतं, मराठीत बोलता येतं. जिवावर बेतलं तर 112. यात पैसे देणं कुठेही आलं नाही, हे बघ. परवाच्या पैशांनी त्याचा जीव वाचला असं तुला वाटतंय. त्या पैशांची पुडी आली, ती उतरली आणि तो होता तिथेच पुन्हा जाऊन पडला. कदाचित थोडा आणखी खाली.

म्हणून रोख बंद. यूपीआय बंद. ‘मित्राचे द्यायचेत’, ‘परीक्षेची फी’, ‘मोबाईल दुरुस्ती’ सगळं बंद. जेवण, कपडे, डॉक्टरची फी, दवाखान्यापर्यंतची रिक्षा हे तू जरूर कर, पण पैसे ज्याचे त्याच्या हातात दे, भावाच्या नाही. हे त्याला त्याचं डोकं ठिकाणावर असेल तेव्हा सांग, बहुधा दुपारी उठून जेवल्यावर. अंमल असताना वाद घालू नकोस. त्याला उद्या त्यातलं काही आठवणार नाही आणि तुला सगळं आठवेल. वाक्य छोटं ठेव: ‘पैसे मिळणार नाहीत. डॉक्टरकडे यायचं असेल तर मी आत्ता रजा टाकते.’ तो ‘ताई, शेवटचं मागतोय’ म्हणेल. आईची शपथ घेईल. ती शपथ त्या क्षणी त्याला स्वतःलाही खरीच वाटत असते, म्हणून तर ती एवढी पटते. पण हात उचलला किंवा संशयाच्या भरात अंगावर आला, तर वाक्यबिक्य सोड आणि घराबाहेर पड.

लोन अ‍ॅपचे हप्ते तूच भरत राहिलीस तर त्याला व्यसनाची किंमत कधी कळणारच नाही. कर्ज त्याच्या नावावर आहे आणि तू जामीन नाहीस, तर ते फेडणं तुझ्यावर येत नाही. वसुलीवाले तुला किंवा ओळखीपाळखीच्यांना फोन करून छळू लागले तर ते रिझर्व्ह बँकेच्या नियमांविरुद्ध आहे. सायबर पोलिसांकडे तक्रार कर.

मामांच्या लग्नाच्या बेताबद्दल एवढंच: कुणाच्या तरी मुलीला बिनपगारी नर्स म्हणून घरात आणायचं, याला उपाय म्हणत नाहीत. ‘उचलून नेणाऱ्या’ केंद्राचं मात्र गांभीर्याने घे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रासही येतात. केंद्राची नोंदणी लागते, आणि मनाविरुद्ध भरती करायची तर त्याला कायद्याने ठरवलेली वैद्यकीय तपासणी लागते. जीपमधून चार माणसं येऊन पोराला घेऊन जातात, हा उपचार नाही. कुठल्याही केंद्रात आधी स्वतः जाऊन ये. नोंदणीपत्र बघ, मानसोपचारतज्ज्ञ कधी येतात ते विचार, घरच्यांना भेटू देतात का ते विचार. उत्तरं गुळमुळीत आली तर परत फीर.

तू पुण्यातच आहेस. येरवड्याचं ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र तुला लांब नाही, डॉ. अनिता अवचटांनी 1986 मध्ये ते सुरू केलं, पुलं आणि सुनीताबाई देशपांडेंनी त्याला हात दिला. तेव्हा शहरात गर्दने (ब्राउन शुगरने) धुमाकूळ घातला होता, आता एमडी आहे. फरक एवढा की गर्दसारख्या नशेला बुप्रेनॉर्फिनच्या पर्यायी गोळ्या आहेत, एमडीला तशी गोळी नाही. झोप, उदासी, संशय यांवर औषधं आणि बाकी समुपदेशन. म्हणून वेळ लागतो, आणि मध्येच तो पुन्हा घेण्याची शक्यताही असते. तसं झालं तर ‘सगळं मुसळ केरात’ म्हणून मोकळी होऊ नकोस. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरला कळव. तो आज तयार नसला तरी तू समुपदेशकाला भेट. सरकारच्या व्यसनमुक्तीच्या 14446 या क्रमांकावर नातेवाइकांनाही बोलता येतं.

पोलिसांचं: 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं कलम 64-अ वकिलाकडून समजून घे. सेवन किंवा अल्प प्रमाणातल्या साठ्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं, मात्र उपचार पुरे करावे लागतात.

राहिले आईबाबा. बाबांचं बीपी गोळीने आटोक्यात राहतं. पोलिसांच्या किंवा वसुलीवाल्याच्या फोनवरून कळलं तर ते राहणार नाही. तू लपवलंस ते मायेपोटी, पण आता त्या लपवण्याचा फायदा फक्त एमडीला होतोय. दोघांना या आठवड्यातच पुण्याला बोलावून घे, म्हणजे भावाला एकटं सोडून तुला कराडला जावं लागणार नाही. आईला आधी बाजूला घेऊन चेनचं सांग. मग तिघं मिळून ठरवा की पैसे कोणीच द्यायचे नाहीत. तू बंद केलेस आणि आईने पदराची गाठ सोडली तर काही उपयोग नाही. आणि त्या दिवशी मामांना बोलावू नकोस, त्यांना नंतर कळवलं तरी चालेल.

– मावशी