नाकातल्या नळ्या म्हणजे कमी उपचार नव्हेत

प्रश्न : माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली असता ३१ व्या आठवड्यातच तिला कळा सुरू झाल्या आणि १४५० ग्रॅम वजनाचा मुलगा झाला. जन्मल्यापासून तो कण्हत होता आणि श्वास घेताना त्याच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. डॉक्टरांनी व्हेंटिलेटर न लावता त्याच्या नाकात दोन छोट्या नळ्या बसवल्या. त्या यंत्रणेचे दुसरे टोक पाण्याच्या बाटलीत होते आणि त्यातून सारखे बुडबुडे येत. काही तासांनी एका बारीक नळीतून फुप्फुसात औषध सोडले आणि ती नळी लगेच काढून घेतली. आता बाळ १२ दिवसांचे असून त्याचा श्वास व्यवस्थित चालतो. मात्र, मोठ्या शहरात नेले असते तर व्हेंटिलेटर मिळाला असता, असे व्याह्यांकडील मंडळी म्हणतात. आम्ही बाळाच्या बाबतीत कमी पडलो का?
– एक आजी, सांगली जिल्हा

उत्तर : नाही, आजी, तुम्ही कुठेही कमी पडला नाहीत. स्वतः श्वास घेणाऱ्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला सुरुवातीला नाकावाटे दाब द्यायचा आणि गरज भासल्यास बारीक नळीने औषध द्यायचे, ही आज पहिल्या पसंतीची पद्धत आहे. मोठ्या शहरातल्या चांगल्या अतिदक्षता विभागातही तुमच्या नातवासाठी बहुधा हेच केले असते.

आपल्या फुप्फुसांतील वायुकोशांना आतून सरफॅक्टंट नावाच्या स्निग्ध द्रव्याचा पातळ थर असतो. या थरामुळे श्वास सोडल्यावर वायुकोश मिटून एकमेकांना चिकटत नाहीत. गर्भात हे द्रव्य साधारण २४ व्या आठवड्यापासून तयार होऊ लागते, पण ते पुरेसे व्हायला ३४–३५ आठवडे लागतात. ते कमी असले की प्रत्येक श्वासाला मिटलेले वायुकोश नव्याने उघडावे लागतात आणि बाळ दमून जाते. तुम्ही ऐकलेले कण्हणे म्हणजे श्वास सोडताना घसा अर्धवट मिटून थोडी हवा आत राखण्याची बाळाची स्वतःची धडपड होती. मला त्या इवल्या जिवाच्या या युक्तीचे आजही नवल वाटते, कारण सीपॅप, म्हणजे नाकातल्या नळ्यांवाटे सतत दाब देण्याचा हा उपचार, नेमके तेच काम बाळाच्या वतीने करतो. नळीचे टोक पाण्यात ५ सेंटिमीटर बुडवले की तेवढ्याच उंचीच्या पाण्याइतका दाब श्वसनमार्गात सतत राहतो आणि वायुकोश उघडे राहतात. बुडबुडे थांबले तर बहुधा नाकातली नळी सरकलेली असते किंवा हवा कुठून तरी निसटत असते, म्हणून अनुभवी परिचारिकांचे त्या बाटलीकडे सतत लक्ष असते.

असा सतत दाब देण्याचा पहिला गाजलेला प्रयोग जॉर्ज ग्रेगरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे केला. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालातील २० बाळांपैकी १६ जगली, आणि त्या काळी ही फार मोठी गोष्ट होती. पुढे १९८० मध्ये जपानमध्ये फुजिवारा यांनी १० बाळांच्या फुप्फुसांत बाहेरून सरफॅक्टंट सोडून दाखवले. परंतु त्यानंतर बरीच वर्षे हे औषध देण्यासाठी बाळाच्या श्वासनलिकेत जाड नळी घालावी लागे आणि अनेकदा ते बाळ व्हेंटिलेटरवरच राही. व्हेंटिलेटर जीव वाचवतो, हे निःसंशय. पण यंत्राच्या दाबाने कोवळी फुप्फुसे ताणली जातात, नळीवाटे जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि काही बाळांना फुप्फुसांचा दीर्घकालीन विकार होऊन कित्येक आठवडे प्राणवायू लागतो. म्हणून जर्मनीतील कोलोन येथे बाळ सीपॅपवर स्वतः श्वास घेत असतानाच बारीक नळीने औषध देण्याची पद्धत रुळली आणि तिथून ती पसरली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २५ ते २८ आठवड्यांच्या ४८५ बाळांपैकी काहींना सीपॅपवर असे औषध दिले, तर उरलेल्यांचा नुसता सीपॅप चालू ठेवला. मृत्यू आणि दीर्घकालीन विकार यांच्या एकत्रित प्रमाणात ठाम फरक दिसला नाही, मात्र औषध मिळालेल्या गटातील जगलेल्या बाळांमध्ये हा विकार कमी आढळला.

व्याह्यांना एक गोष्ट अवश्य सांगा. सीपॅप सर्वच बाळांना पुरा पडत नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, तुमच्या नातवापेक्षाही आधी म्हणजे २५ ते २८ आठवड्यांत जन्मलेल्या बाळांपैकी ज्यांची सुरुवात सीपॅपने केली, त्यांतील ४६ टक्के बाळांना पहिल्या पाच दिवसांत श्वासनलिकेत नळी घालावी लागली. शिवाय त्या गटात फुप्फुसाबाहेर हवा साचण्याचे प्रमाणही जास्त होते. प्राणवायूची गरज वाढत गेली किंवा श्वास वारंवार थांबू लागला, तर व्हेंटिलेटरला उशीर करता कामा नये. त्यामुळे रुग्णालयाच्या आकारापेक्षा, बाळाजवळ रात्रंदिवस प्रशिक्षित परिचारिका आहे का आणि गरज पडताच नळी घालू शकणारा हात जवळ आहे का, हे मी अधिक महत्त्वाचे मानतो. शिवाय पहिल्या काही तासांत अशा बाळाला पुरेशा सोयीविना गाडीतून दूर नेणे हाच मोठा धोका असतो.

आता मागचे मनातून काढून एक काम मात्र विसरू नका. इतक्या लवकर जन्मलेल्या आणि प्राणवायू लागलेल्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायलाच हवी. बाळ घरी गेले, वजन वाढू लागले की ही तपासणी राहून जाते, आणि त्यामुळे दृष्टी गमावलेली मुले मी पाहिली आहेत. श्रवणचाचणीबद्दलही डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : आमची मुलगी ३० आठवड्यांची जन्मली असून सीपॅपवर आहे. पत्नीला तिला छातीशी घ्यायचे आहे, पण नळ्या निघतील या भीतीने आमचा धीर होत नाही.
– एक वडील, पालघर

उत्तर : बाळाची प्रकृती स्थिर असेल तर सीपॅप चालू असतानाही तिला आईच्या उघड्या छातीवर ठेवता येते. दिल्लीतील एका रुग्णालयासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच असे ठेवल्याने मृत्यूचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटले. पहिल्या वेळी परिचारिकेला सोबत राहू द्या. नळ्या टोपीला नीट बांधलेल्या असाव्यात, बाळाची मान फार वाकू नये आणि नाक मोकळे दिसत राहावे. पत्नी थकली की हे काम तुम्हीही करू शकता; वडिलांच्या छातीची ऊबही बाळाला तितकीच चालते.