एक फाइल, दोन नावं: हार्ड लिंकबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न (लातूर): माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराईत डिस्क भरून जाते. भाच्यानं विंडोजचं ‘क्रिएटहार्डलिंक’ फंक्शन वापरून छोटा प्रोग्राम करून दिला. गिऱ्हाइकानं निवडलेले फोटो आता ‘अल्बम’ फोल्डरमध्येही दिसतात. पण प्रॉपर्टीज बघितली तर दोन्ही फोल्डर पूर्ण आकाराचे. मग जागा वाचली कुठं?

वाचली आहे. प्रॉपर्टीज प्रत्येक नावापुढं पूर्ण आकार धरून बेरीज करते, तिच्यावर जाऊ नका. प्रोग्राम चालवण्याआधी आणि नंतर ड्राइव्हची मोकळी जागा बघा, जवळपास तेवढीच राहील. सातबाऱ्यावर बालाजी आणि गल्लीत बाळू, माणूस एकच. हार्ड लिंकचं तसंच आहे: डिस्कवर फाइल एकच, तिला नावं दोन. म्हणून त्यात ‘मूळ’ आणि ‘नक्कल’ असं काही नसतं. एक नाव डिलीट केलं तरी फोटो दुसऱ्या नावानं शाबूत राहतो. शेवटचं नाव गेलं की मगच जागा मोकळी होते.

खरी मेख पुढं आहे. अल्बममधला फोटो उघडून नवरीचा चेहरा उजळलात आणि सेव्ह केलात, तर काय होईल? काही सॉफ्टवेअर त्याच फाइलवर लिहितात, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेला फोटोही बदलला. काही सॉफ्टवेअर नवी फाइल लिहून तिला जुनं नाव देतात. तिथं लिंक गुपचूप तुटते, दोन वेगळ्या फायली होतात आणि जागाही जाते. तुमचं सॉफ्टवेअर कोणत्या जातीचं, हे एखाद्या बिनकामाच्या फोटोवर तपासा. यादीतल्या आकारावर मात्र विसंबू नका: एका नावानं फाइल बदलली तर दुसऱ्या नावापुढं जुनाच आकार दिसू शकतो. फाइल उघडूनच बघा. माझं मत विचाराल तर रिटचिंगचे फोटो सरळ कॉपी करावेत, आणि लिंक निवड दाखवण्यापुरत्या ठेवाव्यात.

प्रश्न (नांदेड, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी): लिनक्सवर सी मध्ये ‘लिंक’ सिस्टीम कॉल वापरला. होम फोल्डरमध्ये चालतो, पेन ड्राइव्हवर लिंक करायला गेलो की उणे एक परत येतो.

उणे एक म्हणजे फक्त ‘झालं नाही’. का झालं नाही, ते ‘एर्नो’ सांगतो. ‘पीएरर’ फंक्शननं तो छापायची सवय लावा. तुमच्याकडं ‘एक्सडेव्ह’ आलेला असणार, म्हणजे दोन्ही नावं वेगवेगळ्या फाइल सिस्टीमवर (डिस्कवर फायली मांडायच्या व्यवस्थेवर) आहेत. लिंक केल्यावर डिरेक्टरीत (फोल्डरमध्ये) नाव आणि आयनोड क्रमांक, म्हणजे फाइलचा अंतर्गत नंबर, एवढीच नोंद होते, आणि तो क्रमांक त्या फाइल सिस्टीमपुरताच खरा असतो. शिवाय पेन ड्राइव्हची फाइल सिस्टीम बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅट असते, त्यात हार्ड लिंकची सोयच नाही. नवं नाव आधीच वापरात असेल तर ‘ईएक्झिस्ट’ येतो. जुन्या फाइलवर लिहिलं जात नाही, हे बरंच आहे.

हाच प्रोग्राम विंडोजवर नेणार असाल तर जपून. ‘लिंक’मध्ये जुना पाथ आधी, ‘क्रिएटहार्डलिंक’मध्ये नवा आधी. शिवाय तिथं शून्य म्हणजे अपयश आणि इथं शून्य म्हणजे यश. विंडोजच्या एनटीएफएस फाइल सिस्टीमवर एका फाइलला अशा जास्तीत जास्त १०२३ लिंक जोडता येतात, लिनक्सच्या ext४ वर एकूण ६५,००० नावं चालतात.

प्रश्न (परभणी): आमच्या ऑफिसात हिशोबाच्या डेटाचा रोज संध्याकाळी हार्ड लिंकनं बॅकअप घेतो. दोन सेकंदांत होतो. चालेल ना?

नाही. दोन सेकंदांत होतो, कारण काहीच उचललं जात नाही. सॉफ्टवेअर त्याच फाइलवर लिहीत असेल तर कालचा ‘बॅकअप’ही आजचाच होतो, आणि डिस्क गेली की सगळंच जातं. बॅकअप दुसऱ्या डिस्कवरच हवा. हार्ड लिंकचा उपयोग तिथं होतो: फायली कॉपी करणाऱ्या ‘आरसिंक’ प्रोग्रामचा ‘लिंक-डेस्ट’ पर्याय बदललेल्या फायली नव्यानं उतरवतो, न बदललेल्या आदल्या दिवसाच्या बॅकअपशी जोडतो. प्रत्येक दिवसाचं फोल्डर पूर्ण दिसतं आणि जागा थोडीच लागते.

प्रश्न (अंबाजोगाई): अख्ख्या फोल्डरची हार्ड लिंक का होत नाही?

फोल्डर स्वतःच्याच पोटात येऊन फेरा तयार होईल म्हणून. विंडोजवर जंक्शन, लिनक्सवर सिम्बॉलिक लिंक वापरा; दोन्ही फक्त मूळ फोल्डरचा पत्ता दाखवतात.

प्रश्न (धाराशिव): कॉलेजच्या लॅबमध्ये सरांची फाइल मला वाचता येते, पण लिंक करायला गेलो की ‘परवानगी नाही’ येतं.

लिनक्स ३.६ पासून ‘प्रोटेक्टेड हार्डलिंक्स’ नावाची सेटिंग आहे. ती चालू असेल तर दुसऱ्याच्या फाइलला लिंक करायला वाचण्याबरोबर लिहिण्याचीही परवानगी लागते. पूर्वी लोक जास्त अधिकारानं चालणाऱ्या प्रोग्रामला हार्ड लिंक करून ठेवायचे. अपडेट झालं तरी जुना, भोक असलेला प्रोग्राम त्या नावानं शिल्लक राहायचा. लॅबवाल्यांकडून ही सेटिंग बंद करून घेऊ नका. वाचता येतं ना? मग कॉपी करा.