मगर उपाशी कशी राहते आणि खोबरेल का थिजतं

मागच्या वेळी बोलता बोलता लिहून गेलो की उंदीर आणि सरडा यांच्यातला मोठा फरक रक्तात नाही, पेशीच्या पडद्यातल्या तेलात आहे. त्यावर एवढे प्रश्न आलेत की आज दुसरं काही घेतच नाही.

सर, आमच्या भिलवडीला थंडीत मगर नदीकाठी आ करून पडलेली असते. कितीतरी दिवस न खाता जगते म्हणतात. थंड रक्ताची म्हणून का?

हा "थंड रक्ताची" शब्दच मला पटत नाही. मे महिन्यात सांगलीच्या उन्हात दगडावर बसलेल्या सरड्याचं अंग तुमच्याइतकंच गरम असतं, कधी जास्तच. ऑस्ट्रेलियात वोलोंगाँग विद्यापीठातल्या हल्बर्ट आणि एल्स यांनी सारख्या वजनाचा उंदीर आणि सरडा घेऊन, दोघांचं अंग ३७ अंशांवर असताना मोजमाप केलं, तरी उंदराचा प्राणवायूचा खर्च चार-पाच पट निघाला. म्हणजे गरमी सारखीच, खर्च मात्र वेगळा.

आता हा खर्च जातो कुठं? आमच्या घरची वरची टाकी गळायची, नळ सगळे बंद तरी मोटर दिवसातून चारदा लावायची आणि लाइट बिल बघून घरात भांडण, तसंच आहे हे. प्रत्येक पेशी सोडियम बाहेर ठेवते, पोटॅशियम आत. मधला पडदा चरबीचा, दोन थरांचा, आणि तो थोडा गळतो, म्हणून पंप सतत चालवावा लागतो, ३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत, झोपेत पण. पेशीतलं पॉवरहाऊस म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, तिथंही प्रोटॉन (हायड्रोजनचे विद्युतभारित कण) असेच गळतात. उंदीर नुसता पडून असला तरी त्याच्या खर्चाचा साधारण पाचवा हिस्सा या प्रोटॉनच्या गळतीतच जातो. पण हा खर्च वाया नाही हां, त्यातूनच उष्णता निघते, आपण गरम राहतो ते अशानंच. मगरीची टाकी कमी गळते, गरमी तिला उन्हातून फुकट मिळते, मग एक शिकार केली की ती बरेच दिवस पुरते.

याच दोघांनी १९९९ साली मांडलं की गळती आणि पंपाचा वेग हे पडद्यातली चरबी ठरवते. उंदराच्या पडद्यात डीएचए नावाचं, ६ दुहेरी बंधांचं (तेलाच्या साखळीतले दुहेरी सांधे, तिथं ती वाकते) वाकडंतिकडं तेल जास्त, ते नीट रचून बसतच नाही, सारखं वळवळतं आणि शेजारच्या प्रथिनांना पण स्वस्थ बसू देत नाही, आणि पंप हे प्रथिनच. मला सगळ्यात आवडलेला प्रयोग म्हणजे एल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यानं भेकाचे पंप काढून उंदराच्या चरबीत बसवले तर ते जोरात चालायला लागले, आणि उंदराचे पंप भेकाच्या चरबीत टाकले तर मंदावले. पंप तोच, फक्त आजूबाजूचं तेल बदललं!

साताऱ्यात डिसेंबरात खोबरेलाची बाटली गॅसजवळ ठेवावी लागते, करडईचं तेल मात्र पातळच. तलावातल्या माशांचं काय होतं मग?

ताई, प्रश्न एक नंबर. खोबरेल जवळजवळ सगळं सरळ साखळ्यांचं, काड्यापेटीतल्या काड्यांसारखं घट्ट बसतं म्हणून २४ अंशांच्या आसपास थिजतं. करडईच्या साखळ्यांना दुहेरी बंधांमुळं बाक असतो, त्या थिजत नाहीत. माशाला गॅसजवळ जाता येत नाही, म्हणून तो पडद्यातलं तेलच बदलतो. आपले मच्छीमार ज्याला सायप्रिनस म्हणतात त्या माशाला ३० वरून १० अंशांपर्यंत हळूहळू थंड केलं तेव्हा काही दिवसांतच त्याच्या यकृतात दुहेरी बंध घालणारं एन्झाइम वाढलं, साध्या भाषेत खोबरेलाची करडई केली त्यानं.

इथं एकानं मला बरोबर पकडलं होतं, की सर मग थंड पाण्यातल्या माशात एवढं पातळ तेल असेल तर तो उंदरासारखा का पळत नाही? अहो थंडीनं सगळंच मंद पडतं ना, पातळ तेल ती मंदी थोडी भरून काढतं, एवढंच. हत्यार एकच, पण मासा ते टिकून राहायला वापरतो आणि उंदीर गरम राहायला.

चिचुंद्री रात्रभर चूं चूं करत खातच असते, एवढं जातं कुठं?

लहान अंगातून उष्णता लवकर निसटते म्हणून खर्च जास्त. हत्तीच्या तुलनेत उंदराचा दर ग्रॅमला खर्च साधारण वीसपट आहे. लहान प्राण्यांच्या स्नायूत डीएचए जास्त सापडतं हेही खरं, मेंदूत मात्र लहानमोठे सगळे जवळपास सारखेच. पण उत्क्रांतीत कोण कुणाचं जवळचं ही प्राण्यांची नाती धरून गणित केलं तेव्हा सस्तन प्राण्यांतला हा संबंध काही अभ्यासांत टिकला नाही, म्हणून इथं मी जपून बोलतो.

मग जवसाची चटणी, फिश ऑइलच्या गोळ्या खाल्ल्या तर मेटाबॉलिझम वाढून वजन उतरेल?

नाही हो. चटणी खा, भाकरीबरोबर झकास लागते. पण शरीर पडद्यातलं प्रमाण बऱ्यापैकी स्वतःच्या हातात ठेवतं, ओमेगा ३ आणि ६ चा हिशोब तेवढा खाण्यानं हलतो. तुम्ही काही उंदीर होणार नाही.

महाबळेश्वरच्या बाजूला आमच्या मधपेट्या आहेत. राणी वर्षानुवर्षं जगते, कामकरी काही आठवडे. तेल इथंही?

दादा, इथंही! जवसाचं तेल उघडं ठेवलं की लवकर खवट होतं बघा, तसाच पडदाही खवट होतो, दुहेरी बंध जास्त तेवढा धोका जास्त. दोघी एकाच तऱ्हेच्या अंड्यातून येतात. पण कामकरी मोठी झाली की परागकण खाते आणि त्यातली अनेक दुहेरी बंधांची तेलं तिच्या पडद्यात चढतात, राणीला जन्मभर रॉयल जेली, तिच्यात एकच दुहेरी बंध असलेलं तेल जास्त. हे मोजमाप युरोपियन मेलिफेरा माशीवरचं आहे, तुमच्या पेट्यांत आपली देशी सातेरी माशी असणार. तेलामुळंच राणी जास्त जगते असं मात्र लगेच धरू नका, तिला रानात फिरून पंख झिजवावे लागत नाहीत हेही त्यात आलंच.