चिनी लिपीत दोन शब्दांमध्ये मोकळी जागा नसते, मग संगणक शब्द मोजतो कसे?
मोजण्याआधी शब्द वेगळे करावे लागतात आणि खरी अडचण तिथेच आहे. 'यान-च्यू-शंग-मिंग' ही चार अक्षरे घ्या. पहिली दोन म्हणजे 'संशोधन' आणि पुढची दोन म्हणजे 'जीवन'. मात्र पहिली तीन एकत्र वाचली, तर 'पदव्युत्तर विद्यार्थी' असा शब्द होतो आणि शेवटचे अक्षर एकटे उरते. डावीकडून सर्वांत लांब शब्द उचलत जाणारी जुनी पद्धत येथे हमखास फसते. म्हणून 'ज्येबा' हे साधन (नावाचा अर्थ 'अडखळत बोलणारा', आणि तो चपखलच आहे) शब्दकोशाच्या आधारे सर्व शक्य विभागण्या मांडून, शब्दांच्या वारंवारितेवरून त्यांतील सर्वाधिक संभाव्य विभागणी निवडते. अभिजात चिनीत बरेच शब्द एकाक्षरी असल्यामुळे तेथे थेट अक्षरे मोजूनही पुष्कळदा भागते.

लेखकाची शैली ओळखायची असेल, तर माझ्या मते नामांपेक्षा व्याकरणिक अव्यये मोजणे अधिक भरवशाचे, कारण ती विषयावर फारशी अवलंबून नसतात. १७९१ साली छापल्या गेलेल्या 'लाल महालाचे स्वप्न' या चिनी कादंबरीची पहिली ८० आणि शेवटची ४० प्रकरणे एकाच लेखकाची आहेत का, हा वाद संशोधकांनी अशाच मोजणीने तपासला आहे.